उभ्या विमानाचं लोंबतं शेपूट: घरच्या सिम्युलेटरमधल्या एका एलिव्हेटरचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत भाचा चार दिवस आमच्याकडे नाशिकला आला होता. एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेस्ना १७२ या छोट्या विमानावर त्याचे उड्डाणाचे जेमतेम सोळा तास झालेले. कमर्शियल लायसन्सला २०० लागतात, म्हणजे गडी अजून पहिल्या पायरीवरच. पण बोलणं असं की विमान जणू यानंच बांधलंय. रात्री जेवणं आटोपल्यावर मी त्याला माझ्या खोलीत नेलं आणि सिम्युलेटर सुरू केला. मांडणी साधीच आहे: एक कॉम्प्युटर, एक स्प्रिंगवाली जॉयस्टिक, जुने पेडल, आणि एका मुक्त सिम्युलेटरसाठी कुणा हौशी माणसानं फुकट वाटलेलं सेस्ना १७२ चं मॉडेल. तीन वर्षं मी तेच उडवतोय.

पडद्यावर विमान बाहेरून दिसत होतं, इंजिन बंद, चाकांना अडण्या. रिव्हेटसुद्धा कसे एकेक मोजून घ्यावेत असे काढलेत, हे मी त्याला कौतुकानं सांगत होतो. त्याचं लक्ष मागे.

"मामा, कंट्रोल लॉक लावलंयस का?"

"नाही. का?"

"मग शेपूट असं ताठ का? एलिव्हेटर खाली लोंबायला पाहिजे. आमच्याकडे सकाळी लॉक काढलं की योक पुढं जाऊन पडतो."

एलिव्हेटर म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाची मागची हलती फळी, नाक वर-खाली करणारी; योक म्हणजे ती हलवणारं पायलटच्या हातातलं चाक. मग त्यानं माऊसनं ट्रिमचं, म्हणजे योकवरचा हाताचा दाब नाहीसा करायचं, चाक फिरवलं. उभ्या, बंद विमानाचा अख्खा एलिव्हेटर मोटर लावल्यासारखा वर सरकला. तो हसायला लागला. तीन वर्षांत हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण माझं लक्ष कायम वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांवर. पुढचे दोन महिने शनिवार-रविवार याच कामात गेले. काय केलं, काय फसलं आणि शेवटी कुठवर पोचलो ते इथे मांडतोय.

खऱ्या विमानात काय असतं

सेस्ना १७२ मध्ये योक आणि एलिव्हेटर यांच्यात तारा, पुल्या आणि दांडे असतात. मध्ये मोटर नाही, हायड्रॉलिक नाही. योक मागे ओढला की एलिव्हेटरची मागची कड वर जाते, जास्तीत जास्त २८ अंश. पुढे ढकलला की खाली, २३ अंशांपर्यंत. जोडणी दोन्ही बाजूंनी चालते. हात योक हलवतो, तसं शेपटीवरची हवाही योक हलवू शकते, आणि हवा नसेल तेव्हा एलिव्हेटरचं स्वतःचं वजनही. बिजागरीच्या पुढच्या बाजूला तोल साधायला वजनं असतात, तरी मागची बाजू जडच राहते. म्हणून विमान उभं असताना एलिव्हेटर खाली झुकतो आणि आत योक पुढच्या टोकाकडे सरकून बसतो.

भाच्यानं स्कूलमधल्या विमानांचे फोटो मागवले. इथे पहिला घोळ झाला. एका फोटोत शेपूट चांगलंच लोंबलेलं, दुसऱ्यात अगदी थोडं. मला वाटलं दोन वेगळी मॉडेलं असतील, किंवा एकाच्या तारा घट्ट असतील. उत्तर विमानाच्या हँडबुकात निघालं. कंट्रोल लॉक म्हणजे योकच्या दांड्यातून आरपार जाणारी सळई. ती लावली की एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरच्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या फळ्या) सरळ राहतात आणि एलिव्हेटरची मागची कड किंचित खाली अडकते. त्या सळईला लाल पट्टी असते आणि ती बरोबर इग्निशनच्या किल्लीवर येते, म्हणजे लॉक काढल्याशिवाय कुणी इंजिन सुरू करायला जाऊ नये. कमी लोंबलेलं विमान लॉकमधलं होतं, एवढंच.

आता हवा. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. समुद्रसपाटीला १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगात चौरस मीटरमागे जेमतेम पावणेचार किलो. ६० नॉटला सुमारे ६० किलो. १२० नॉटला सुमारे २४०. म्हणजे विमान धावपट्टीवर पळायला लागलं की सुरुवातीला वजनाचं राज्य असतं, मग हवा हळूहळू एलिव्हेटरला उचलून आपल्या रेषेत आणते. योक पुढून आपणहून मागे सरकतो आणि हाताला जड लागायला लागतो. भाच्याच्या शब्दांत, "योक जिवंत होतो."

ट्रिमचं चाक एलिव्हेटरला हातच लावत नाही. ते फक्त मागच्या कडेवरचा टॅब, म्हणजे एक छोटी फळी, हलवतं. टॅब खाली गेला की त्यावर हवा वर रेटते आणि पूर्ण एलिव्हेटर वर जातो. हवाच नसेल तर टॅब हलेल आणि एलिव्हेटर जागचा हलणार नाही. कुठलंही घरगुती मॉडेल तपासायचं असेल तर हीच सगळ्यात स्वस्त चाचणी: विमान उभं करा, इंजिन बंद ठेवा, ट्रिम फिरवा आणि बाहेरून बघा.

मॉडेलच्या आत

मुक्त मॉडेलचा फायदा असा की फाइल उघडून वाचता येते. विमानाचं गणित जेएसबीसिम नावाच्या प्रोग्रामवर होतं. त्यात कंट्रोलची साखळी छोट्या छोट्या खोक्यांनी जोडलेली असते. इथे साखळी तीनच खोक्यांची. जॉयस्टिककडून उणे एक ते अधिक एक असा आकडा येतो. त्यात ट्रिमचा आकडा मिळवायचा. बेरजेला अंशांत बदलायचं. तयार झालेला कोन दोन ठिकाणी जातो: एक विमानाच्या हवाई गणिताला, दुसरा चित्र काढणाऱ्याला. संपलं. एलिव्हेटर कुठे असावा हे हवेला कुणी विचारतच नाही. वजनाला तर नाहीच.

लेखकाला दोष द्यायचा नाही. हवाई गणितात नाक किती वेगानं वर येतं, किती वेगाला स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल सुटते, हे सगळं या मॉडेलमध्ये बरं जमलंय. बहुतेक घरगुती विमानांची साखळी अशीच असते, कारण टेबलावरच्या जॉयस्टिकला फक्त जागा सांगता येते. तिला जोर कळत नाही.

पण यातून एक विचित्र गोष्ट होते, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. सिममध्ये हात सोडला की स्प्रिंग जॉयस्टिकला मध्यावर आणते, आणि एलिव्हेटर त्या कोनात बांधला जातो. खऱ्या विमानात हात सोडला की एलिव्हेटर सुटतो. मग हवा, टॅब आणि वजन ठरवतील तिथे तो जाऊन तरंगतो. एकच कृती, दोन उलट परिणाम. हात सोडलेलं खरं सेस्ना आणि हात सोडलेलं माझं सेस्ना ही गणिताच्या दृष्टीनं दोन वेगळी विमानं आहेत.

भाच्याची एक अडचण इथेच उलगडली. स्कूलमध्ये त्याचे सर त्याला ट्रिमवरून सारखे बोलत होते. तो वेग कमी झाला की ताबडतोब चाक फिरवायचा, नाक वर आलं की उलट फिरवायचा, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सरांचं म्हणणं, आधी योकनं नाक हवं तिथे धर, मग योक न हलवता हातावरचा दाब संपेपर्यंत ट्रिम फिरव. पोरगा बारावीपासून घरी सिमवर खेळलेला. सिममध्ये ट्रिम थेट एलिव्हेटरच हलवतो, म्हणून ट्रिमनं विमान उडवायची सवय लागते. आणि चाक फिरवताना जॉयस्टिक मध्याकडे सोडत यावी लागते, नाहीतर दोन्हींची बेरीज होऊन नाक आभाळात जातं. खऱ्या विमानात हात स्थिर आणि दाब घटतो. सिममध्ये हात परत येतो. सोळा तासांत हे मोडायचं म्हणजे वेळ लागणारच, आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजलेले.

पहिला उपाय: नुसतं चित्र

पहिल्या रविवारी मी सोपा मार्ग धरला. चित्राच्या फाइलमध्ये एक अट टाकली: वेग ३० नॉटच्या खाली असेल तर एलिव्हेटर लोंबलेला दाखव. उभं विमान झकास दिसलं. टेकऑफला मात्र ३० नॉट झाल्या झाल्या शेपूट फटकन सरळ, आणि उतरल्यावर तितक्याच फटकन खाली. बाहेरून बघितलं तर कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं.

अटीच्या जागी वेगाप्रमाणे हळूहळू बदलणारा तक्ता टाकला. झटका गेला. तेवढ्यात भाच्यानं कॉकपिटमध्ये बघितलं: योक मध्यावर, शेपूट खाली. तारा तुटल्या असत्या तर असं दिसलं असतं. योकलाही तोच तक्ता लावला. मग लक्षात आलं, हवाई गणिताला अजून जुनाच कोन जातोय. चित्रात २० अंश खाली आणि गणितात शून्य. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालवताना, किंवा टेकऑफच्या धावेत, नाकाच्या चाकावर किती भार येतो यात काडीचा फरक पडलेला नव्हता. ट्रिम फिरवला की उभ्या विमानाचा एलिव्हेटर अजूनही हलायचाच.

दिवसभराचं काम पुसून टाकलं. असे रंगसफेदीचे उपाय मला नोकरीतही पटत नाहीत, तरी सुरुवात तिथूनच केली, हे कबूल करायला हवं.

दुसरा उपाय: जॉयस्टिक म्हणजे काटा

भाचा परत गेला होता, पुढची चर्चा फोनवर. कल्पना साधी आहे. जॉयस्टिक किती कलली याचा अर्थ "एलिव्हेटर इतक्या अंशांवर ने" असा घ्यायचा नाही. "पायलटनं योक इतक्या किलोनं ओढला" असा घ्यायचा. स्प्रिंग म्हणजे शेवटी वजनकाटाच: जितकी कलते तितका जोर. मग बिजागरीभोवती चार गोष्टींचा हिशेब मांडायचा. हाताचा जोर, एलिव्हेटरचं वजन, एलिव्हेटर वाकल्यामुळे आणि शेपटीवर हवा तिरपी आल्यामुळे लागणारा हवेचा रेटा, आणि टॅबचा रेटा. चौघांची बेरीज जिथे शून्य होते तो एलिव्हेटरचा कोन. वरच्या आणि खालच्या टोकाला थांबे. निघालेला तो एकच कोन हवाई गणितालाही द्यायचा, चित्रालाही आणि कॉकपिटमधल्या योकलाही.

टॅब मूळ मॉडेलमध्ये वेगळा नव्हताच, एलिव्हेटरच्या चित्रातच रंगवलेला होता. तो ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममध्ये कापून वेगळा केला आणि त्याला स्वतःची बिजागरी दिली. त्यावर पुढे येतो.

पहिल्याच चाचणीत उभं विमान बरोबर लोंबलं. ट्रिम फिरवला तर टॅब हलला, शेपूट ढिम्म. जॉयस्टिक जराशी ओढली की एलिव्हेटर अलगद वर यायचा, सोडली की खाली. टेकऑफच्या धावेत तो आपणहून उचलला गेला. मी व्हिडिओ करून भाच्याला पाठवला, आणि मग उड्डाण घेतलं.

साधारण ८० नॉटच्या पुढे शेपूट थरथरायला लागलं. ११० ला तर हुडहुडी भरल्यासारखं. विमानांत फ्लटर नावाचा प्रकार असतो. हवेच्या जोरानं पंखाचा किंवा शेपटीचा भाग स्वतःच कंप पावत मोडूनही पडू शकतो. क्षणभर वाटलं, आपल्या मॉडेलनं फ्लटर शोधून काढला! अर्थात तसं काही नव्हतं. मी एलिव्हेटरला जडत्व दिलं होतं आणि हवेला स्प्रिंग मानलं होतं. वेग वाढला की ही हवेची स्प्रिंग कडक होते, हलका एलिव्हेटर तिच्यावर फार जलद झुलू पाहतो, आणि सेकंदाला १२० वेळा होणाऱ्या गणिताला ती झूल पकडता येत नाही. प्रत्येक पावलाला चूक थोडी वाढते. तो कंप आकडेमोडीचा होता, हवेचा नव्हता. जडत्व काढूनच टाकलं. समतोलाचा कोन थेट सोडवायचा आणि एलिव्हेटरनं त्याच्या मागे किंचित रेंगाळत जायचं, एवढं ठेवलं. डोळ्याला आणि हाताला फरक कळत नाही.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. भाच्यानं सांगितलं, मागून वारा लावून बघ. टॅक्सी करताना मागून वारा असेल तर योक पुढे धरायचा हा नियम विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. एलिव्हेटर खाली असला की मागचा वारा त्याच्या वरच्या अंगावर आदळतो आणि शेपूट जमिनीकडे दाबलं जातं. मी मागून २५ नॉट वारा लावला, विमान उभं. एलिव्हेटर शहाण्यासारखा उचलला जाऊन सरळ झाला, जणू वारा समोरून येतोय. खरं तर उलट व्हायला हवं. मागून वारा आला की एलिव्हेटरची मोकळी कड वाऱ्याच्या तोंडावर येते आणि बिजागरी मागे पडते. उलट्या वाऱ्यात धरलेलं दार जसं या नाहीतर त्या बाजूला आपटतं, तसा तो वरच्या किंवा खालच्या थांब्यावर आदळतो. कंट्रोल लॉक शोधलंय ते यासाठीच.

चूक काय, तर मी वेगाचा वर्ग घेतला होता. उणे २५ चा वर्गही ६२५ आणि अधिक २५ चाही ६२५. शाळेत सातवीत शिकलेली गोष्ट. वर्गाऐवजी वेग गुणिले वेगाचं चिन्हाविना मूल्य घेतलं, एका ओळीचा बदल. लगेच एलिव्हेटर खालच्या थांब्यावर जाऊन चिकटला; जॉयस्टिक नेटानं ओढली तर एका क्षणी फटकन वरच्या थांब्यावर. बघताना अंगावर काटा आला, कारण रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, वादळी वाऱ्यात बिनलॉकच्या विमानाचं नेमकं हेच होतं.

पंख्याची हवा आधी धरलीच नव्हती. इंजिन चढवलं की पंख्यानं मागे फेकलेला झोत शेपटीवर जातो, म्हणून विमान उभं असूनही योक थोडा जिवंत असतो. जेएसबीसिम तो वेग वेगळा काढून देतं. तो शेपटीच्या वाऱ्यात मिळवला आणि काम झालं.

पूर्ण ओढ म्हणजे किती किलो?

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि इथे बरोबर उत्तर नाही, फक्त तडजोड आहे.

लहान विमानांच्या अमेरिकन नियमावलीत, जुन्या भाग २३ मध्ये, पायलटला तात्पुरता किती जोर लावावा लागू शकतो याची मर्यादा दिली होती: योक दोन हातांनी धरून ७५ पाउंड, म्हणजे साधारण ३४ किलो. सतत लावायचा असेल तर १० पाउंड, साडेचार किलो. म्हटलं, जॉयस्टिकची पूर्ण ओढ म्हणजे ३४ किलो धरू. उंचावर, वेगात, छान वाटलं. पण टॅक्सी करताना एलिव्हेटरचं वजन उचलायला थोडकाच जोर लागतो, आणि तो जॉयस्टिकच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच संपायचा. बोट लागलं की शेपूट या टोकाचं त्या टोकाला. शिवाय माझ्या जुन्या जॉयस्टिकचा आकडा स्वतःच थरथरतो. ती थरथर शेपटीत दिसायला लागली.

मग पूर्ण ओढ पाच किलोवर आणली. टॅक्सी सुरेख, आणि १०० नॉटला विमान दगड झालं. शेवटी १५ च्या आसपास थांबलो. त्यात मोठ्या वेगाला एलिव्हेटर पूर्ण वाकवता येत नाही. तसं वाकवूही नये: १७२ पी मॉडेलचा मनूव्हरिंग स्पीड पूर्ण वजनाला, म्हणजे २४०० पाउंडांना, ९९ नॉट आहे, आणि त्यापुढे योक थांब्यापर्यंत ओढणं म्हणजे सांगाड्याशी खेळ.

यातून एक अनपेक्षित फायदा झाला. पूर्वी मी जॉयस्टिकची संवेदनशीलता वाकवून ठेवली होती, मध्यावर मऊ आणि टोकाला तीव्र. सिम उडवणारा जवळजवळ प्रत्येक जण हे करतो, कारण वेगात विमान फार चपळ वाटतं. आता तेवढाच जोर १२० नॉटला ६० नॉटच्या चौथाई कोन देतो, मग वक्र कशाला? सरळ रेषा ठेवली. तो वक्र म्हणजे हवेचं राहून गेलेलं गणित जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये भरायचा प्रयत्न होता, आणि तो एकाच वेगाला बरोबर ठरतो.

एलरॉन आणि रडरला (शेपटीच्या उभ्या पंखाची हलती फळी) हात लावला नाही. दोन्ही एलरॉन तारांनी एकमेकांना बांधलेले, एकाचं वजन दुसरा तोलतो, त्यामुळे उभ्या विमानात ते लोंबत नाहीत. वर २० अंश आणि खाली १५ हा फरक मॉडेलमध्ये आधीच होता. रडर नाकाच्या चाकाच्या स्टीअरिंगला स्प्रिंगांनी जोडलेला असल्यामुळे तो चाकामागे जातो. त्याचं बघू कधीतरी.

एअरबसवाल्यांची मजा

या सगळ्यात एक गंमत कळली. लोक स्वस्त जॉयस्टिक घेऊन सेस्नापासून सुरुवात करतात, आणि जेट "पुढची पायरी" समजतात. पण टेबलावरची स्प्रिंगवाली जॉयस्टिक सेस्नाच्या योकपेक्षा एअरबस ए३२० च्या साइडस्टिकच्या कितीतरी जवळ आहे. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानात साइडस्टिक आणि एलिव्हेटर यांच्यात तार नाही. काठी कॉम्प्युटरला सांगते, कॉम्प्युटर हायड्रॉलिकला. काठीला स्प्रिंगच असते आणि हवेचा जोर हातापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे तिथे एलिव्हेटर, एलरॉन असे हलते पृष्ठभाग कसेही हलवले तरी चालतात असं मात्र नाही. तिथली चूक वेगळ्या जागी असते. हायड्रॉलिकचा दाब ३००० पीएसआय (चौरस इंचामागे पाउंड) असेल तरच पृष्ठभाग हुकूम ऐकतात. दाब गेला की एलरॉन हळूहळू खाली झुकतात. पंखामागच्या खिडकीत बसला असाल तर मुंबईत विमान लागल्यावर, इंजिनं बंद झाल्यावर, थोडा वेळ बाहेर बघा. फ्लॅप, म्हणजे कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या पंखांच्या फळ्या, बाहेर काढले की दोन्ही एलरॉन मुद्दाम ५ अंश खाली येतात, तेही दिसेल. आणि उड्डाणात काठी डावीकडे धरून ठेवली तर एलरॉन वाकलेले राहत नाहीत. विमानाला मागितलेला फिरण्याचा वेग मिळाला की कॉम्प्युटर त्यांना बरंच परत आणतो. ज्या मॉडेलमध्ये हायड्रॉलिक बंद असताना काठीबरोबर एलरॉन नाचतात, त्यात तीच आमची तीन खोक्यांची साखळी आहे, फक्त विमान महाग दिसतं.

व्यावसायिक सिम्युलेटर मंजूर करताना योकची जागा, त्याला लागणारा जोर आणि पृष्ठभागाचा कोन, या तिन्हींचा मेळ खऱ्या विमानाच्या नोंदींशी ताडून बघतात. त्या योकच्या मागे जोर निर्माण करणारी वेगळी यंत्रणा असते. घरी तेवढं करायला मोटर लावलेला योक हवा. तसे मिळतात, पण त्या पैशांत भाच्याचे बरेच तास निघतील, हे त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, स्पष्ट सांगितलं.

चाचणी

संक्रांतीला भाचा दोन दिवस आला. मी काही न सांगता त्याला बसवलं. ९० नॉटला सरळ उड्डाण, मग पॉवर कमी, ७० ला आणायचं, उंची सोडायची नाही. वेग पडत गेला तसा तो ओढत गेला, नाक धरलं, आणि मग ट्रिम. चाक फिरवताना जॉयस्टिक परत येत होतीच, स्प्रिंग आहे म्हटल्यावर ती येणारच. पण पडद्यावरचा योक जागचा हलत नव्हता. त्यानं तीन-चार वेळा करून बघितलं.

"हात तसाच परत येतोय, पण आता दाबाचं कळतंय. आधी मी वेगाच्या काट्याकडे बघून फिरवायचो."

उतरताना फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, त्यानं फार कमी ओढलं आणि विमान जरा आपटलं. तक्रार केली की जड आहे. मी म्हटलं, तुझ्या स्कूलचं हलकं आहे का? नाही, म्हणाला, तेही असंच आहे, पण तिथे दोन्ही हात लावावेसे वाटतात, इथे मनगटच वापरलं जातं. याला माझ्याकडे उत्तर नाही. मनगटानं १५ किलो ओढल्याचा हिशेब कागदावर चालतो, हाताला पटत नाही.

आणखी एक राहिलंय. विमान उभं असताना पडद्यावरचा योक पुढे पडलेला, आणि टेबलावरची जॉयस्टिक मध्यावर ताठ. हे स्प्रिंग काढल्याशिवाय सुटायचं नाही, आणि स्प्रिंग काढली तर काटाच गेला.

सगळ्या फाइली नीट करून, काय बदललं याची टिपणं जोडून, मॉडेलच्या मूळ लेखकाला पाठवल्या. वाटलं होतं हिशेबावर काहीतरी विचारेल, वजनाचा आकडा कुठून आणला वगैरे. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. काम आवडलं, पुढच्या आवृत्तीत घेतो. फक्त एक शंका, १७२ ला ट्रिम टॅब उजव्या बाजूलाच असतो, तुमच्या शेपटीवर दोन का आहेत?

ब्लेंडरमध्ये अर्धं शेपूट कापून मी त्याचा आरसा लावला होता. भाच्याचे फोटो पुन्हा काढले. दोन महिने रोज बघितलेल्या प्रत्येक फोटोत डावा एलिव्हेटर सलग पत्र्याचा होता.